कोरडवाहू बाग

मराठी समीक्षेची परिभाषा ही मुळात बागायती परिभाषा आहे, असे आम्हांला अलीकडे वाटू लागले आहे. चांगल्या कवितेत 'ओलावा' असतो, चांगल्या गद्याला 'ओघ' असतो, कथा 'रसाळ' असते, लेखकाच्या अंतःकरणात करुणेचा 'झरा' असतो आणि तो शब्दाशब्दांतून 'पाझरतो'. प्रतिभेला तर 'बहर'च येतो. याउलट जे आवडले नाही ते 'कोरडे', 'शुष्क', 'रूक्ष' आणि फारच झाले तर 'रखरखीत'. उत्तरपत्रिका तपासताना हे शब्द इतक्या वेळा डोळ्यांखालून जातात, की त्यांच्यामागे कुठेतरी खरे पाणी आणि खरी जमीन आहे याचाच विसर पडतो. नाट्यशास्त्रापासून चालत आलेली 'रस' ही संकल्पना या साऱ्याच्या मुळाशी असेल, नदीकाठच्या आणि भातखाचरांच्या मुलखातून आलेल्या लेखकांचाही त्यात वाटा असेल. कारण काहीही असो, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावात बसून मराठी शिकवू लागले की या परिभाषेचा एक विचित्र परिणाम जाणवतो. वर्गाच्या खिडकीतून जे जे दिसते ते सारे सौंदर्यशास्त्रात नापास झालेले असते.

शेतकऱ्याच्या तोंडी 'कोरडवाहू' हा शब्द मात्र निंदेचा नाही. तो जमिनीचा एक प्रकार सांगतो आणि त्या जमिनीशी कसे वागायचे हेही सांगतो: किती अंतरावर पेरायचे, केव्हा कुळवायचे, कशाची आशा धरायची नाही. आमच्या भागात भाकरीबरोबर जे काही तोंडी लावायला असते त्याला 'कोरड्यास' म्हणतात. भाकरी कोरडीच असणार, हे त्या शब्दाने कसलीही तक्रार न करता गृहीत धरलेले आहे. (थोडे विषयांतर: प्राकृतात 'रुक्ख' म्हणजे झाड, आपल्याकडचा जुना 'रूख' तोच, आणि हिंदीत 'रूखा' म्हणजे कोरडा. झाड आणि कोरडेपणा असे शब्दांत शेजारी येऊन बसतात हे आमच्या माळाला चांगलेच शोभते.)

हे सारे सुचण्याचे निमित्त एक झुडूप आहे. तरवड.

सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला, सांगोल्याच्या बाजूला आम्ही २०११ साली घर बांधले. प्लॉट चार गुंठ्यांचा. वर वीतभर माती आणि खाली मुरूमच मुरूम. आई (आमच्यापैकी एकाची आई, दुसऱ्याची सासू, हाक मात्र दोघांचीही एकच) गावाकडून राहायला आली ती जास्वंदीच्या फांद्या, मोगऱ्याची दाबकलमे आणि तुळशीचे रोप घेऊन. पहिल्या वर्षी सारे तरारून आले. २०१२चा पाऊस गेला आणि २०१३च्या उन्हाळ्यात बोअर आटले. टँकरच्या पाण्याचा हिशेब सुरू झाला की घरातल्या प्रत्येक सजीवाची नकळत एक क्रमवारी लागते आणि जास्वंद त्या यादीत फार खाली असते. त्या मे महिन्यात जास्वंदी वाळल्या. मोगरा तेवढा एका कुंडीत, विसळणाच्या पाण्यावर जगला. कुंपणापलीकडे, जिथे सारी कॉलनी बांधकामाचा राडारोडा आणून टाकते तिथे मात्र चार-पाच तरवडाची झुडपे पूर्ण हिरवी होती आणि त्यांवर तुरळक का होईना, पिवळी फुलेही होती. त्यांना कोणी पाणी घातले नव्हते, कोणी त्यांच्याकडे पाहिलेही नव्हते. आम्हीही तोवर पाहिले नव्हते, असेच म्हटले पाहिजे. रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर असलेल्या वस्तूंचे जे होते तेच.

रोपवाटिकेत तरवडाचे रोप मागितले तेव्हा तिथला माणूस हसला. "तरवड? सर, ते कशाला पायजे? माळावर फुकट पडलंय की." मग त्याने आम्हांला फॉक्सटेल पाम दाखवले आणि चौरस फुटावर लॉनचा दर सांगितला. एका अर्थी त्याचे बरोबरच होते. जे फुकट पडलेले आहे त्याचे दुकान निघत नाही. पण त्यामुळे असे होते, की जी झाडे इथे जगू शकत नाहीत तीच फक्त इथे विकत मिळतात.

तेव्हा बियांवाचून मार्ग नव्हता. माळावरचे मोठे झुडूप खणून आणण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्याचे सोटमूळ खोल गेलेले असते आणि ते तुटले की झुडूप संपते. हिवाळा उतरता उतरता तरवडाच्या शेंगा तपकिरी होतात: चपट्या, कागदासारख्या पातळ, बोटभर लांबीच्या, आत डझन-दीड डझन बिया. बीचे कवच विलक्षण टणक असते. नुसते पेरले तर ते दोन-दोन पावसाळे मातीत स्वस्थ पडून राहील. दुष्काळी मुलखातल्या बीने पहिल्याच सरीवर विश्वास ठेवू नये, ही त्यामागची रीत. आपल्याला घाई असते म्हणून पाणी उकळून, चुलीवरून खाली उतरवून त्यात बिया टाकायच्या आणि रात्रभर तशाच ठेवायच्या. सकाळी ज्या फुगल्या त्या पेराव्यात, ज्या फुगल्या नाहीत त्या पॉलिशपेपरवर थोड्या घासून पुन्हा भिजवाव्यात. पिशवीत रोप करण्यापेक्षा जागेवर टोकलेले बरे, कारण मुळाला पहिल्या महिन्यापासून खाली जायचे असते आणि पिशवीत ते गोल गोल फिरत बसते.

जून २०१४मध्ये जमीन चांगली भिजल्यावर आम्ही कुंपणाच्या आतल्या बाजूने तीन-तीन फुटांवर वीस ठिकाणी बिया टोकल्या. खड्डा भरायला मुरूमच वापरला. शेणखत घातले नाही. खतावर वाढलेला तरवड उंच, लवचीक आणि पोकळ दिसतो. पहिला उन्हाळा तेवढा सांभाळावा लागतो, पंधरा दिवसांतून एकदा बादलीभर पाणी पुरते. दुसऱ्या पावसाळ्यापासून काहीही नाही. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस पहिली फुले आली. पुढे एकच काम उरते, छाटणीचे: वर्षाआड, उन्हाळ्याच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर झुडूप गुडघ्याएवढे ठेवून छाटावे. तसे केले नाही तर ते खालून उघडे पडत जाते आणि सारी पाने शेंड्याला गोळा होतात. त्याला सोसत नाही ती एकच गोष्ट, मुळाशी साचलेले पाणी. ऑक्टोबर २०२० मधल्या अतिवृष्टीत आमच्या सखल कोपऱ्यात आठ दिवस पाणी उभे होते. २०१५-१६ आणि २०१८-१९ या दोन्ही दुष्काळांतून सुखरूप आलेली तीन झुडपे त्या आठ दिवसांत गेली.

फुलाविषयी जरा सविस्तर लिहायला हवे, कारण ते दुरून जितके साधे दिसते तितके नाही. पाच पाकळ्या, किंचित सुरकुतलेल्या, हळदीपेक्षा उजळ पिवळ्या. मध्ये दहा पुंकेसर, पण सगळे सारखे नाहीत. वरचे तीन आखूड आणि वांझ, खालचे लांब व बाकदार. स्त्रीकेसर एका बाजूला वळलेला असतो, काही फुलांत डावीकडे तर काहींत उजवीकडे. या फुलात मध अजिबात नसतो. जे आहे ते परागकण, आणि तेही पुंकेसराच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातूनच बाहेर पडतात. त्यासाठी काळा, जाडजूड भुंगा लागतो. तो फुलाला मिठी मारून बसतो, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो आणि त्या थरथरीने पराग पिचकारीसारखे उडतात. त्या वेळी भुंग्याचा सूर एकदम बदलतो, नेहमीच्या गुणगुणण्याहून वर चढतो. संस्कृत-मराठी कवितेतल्या भ्रमरांनी शतकानुशतके फुलांतला मध प्यायला. आमच्या अंगणातल्या भ्रमराला मध मिळत नाही आणि तरी तो सकाळी सात वाजल्यापासून कामावर हजर असतो. कवितेतले संकेत शिकवताना आम्ही आता हे उदाहरण देतो. मुले हसतात, पण एक-दोघे दुसऱ्या दिवशी सांगायला येतात की बांधावर ऐकले, सूर खरेच बदलतो.

पानाच्या देठाशी दोन मोठी, गोलसर उपपर्णे असतात, अगदी कानाच्या पाळीसारखी. लिनियसने १७५३मध्ये या झाडाला जे नाव दिले त्यातले 'ऑरिक्युलाटा' म्हणजे 'कानांचे'. तेव्हा ते 'कॅसिया' होते, आता वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला 'सेन्ना' म्हणतात. कान मात्र दोन्ही नावांत टिकून आहेत. सप्टेंबरात या पानांवर हिरव्या अळ्या पडतात. इंग्रजीत ज्यांना 'एमिग्रंट' म्हणतात त्या पांढरट-हिरवट, सतत घाईत असल्यासारख्या उडणाऱ्या फुलपाखरांच्या त्या अळ्या. काही फांद्या पार ओक्याबोक्या होतात. फवारणी करू नये. तीन आठवड्यांत पाने परत येतात आणि अंगणात फुलपाखरेही होतात.

इथवर सारे गोड आहे. एखाद्या रविवारच्या पुरवणीत शोभेल असे. पण आमच्या घरातच या बागेला पहिल्या दिवसापासून विरोध होता आणि तो सोपा नव्हता.

बिया टोकताना आई ओट्यावर बसून पाहत होती. काय लावतोय हे कळल्यावर म्हणाली, "दारात दुस्काळ लावताय व्हय?"

आम्हांला तेव्हा वाटले, म्हातारपणचा तिरकसपणा असेल. मग हळूहळू, पुढल्या कित्येक महिन्यांत, तुकड्यातुकड्यांनी कळत गेले. १९७२च्या दुष्काळात ती अठरा-एकोणीस वर्षांची होती, लग्न होऊन नुकतीच सासरी आलेली. गावातल्या सगळ्यांबरोबर तीही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाई. खायला मिलोच्या लाल भाकरी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी. त्या माळावर झाड असे उरले नव्हते. जे होते ते सरपणाला गेलेले, पाला होता तो गुरांनी ओरबाडलेला. तरवडाला गुरे तोंड लावत नाहीत म्हणून तो तेवढा उभा होता. बायका आपली तान्ही मुले तरवडाच्या बुडाशी निजवत, कारण कमरेएवढी का होईना, दुसरी सावलीच नव्हती. आणि तो फुललेला होता. आईच्या बोलण्यातला खरा राग तिथे होता. "समदं जळालं आन् ह्ये पिवळं दांडगं हुभं. गुरांनी सोडलं त्ये तुम्ही लावताय."

सौंदर्याविषयी आम्ही दोघांनी मिळून जेवढे वाचले आहे त्यात या वाक्याला उत्तर सापडत नाही. आम्ही त्या झुडपात सोशिकपणा, काटकसर, स्वतःच्या हिमतीवर जगणे असे गुण वाचत होतो. ती त्याच झुडपात तो हंगाम वाचत होती ज्यात हे गुण अंगी असण्यावाचून माणसांना गत्यंतर नव्हते. महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होणाऱ्या माणसाला कोरडेपणात सौंदर्य दिसणे सोपे असते. बोअर आटले तर आम्ही टँकर बोलावतो. जास्वंद वाळली याचे आम्हांला वाईट वाटले. ते वाईट वाटणे खरे होते, पण त्यात भूक नव्हती.

वर्गात व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) शिकवताना हीच अडचण दुसऱ्या रूपाने समोर येते. कादंबरीच्या अखेरीस पाऊस नसतो आणि वाडी उठते, मेंढरे घेऊन माणसे निघून जातात. या भागावर प्रश्न आला की मुले हमखास लिहितात, 'लेखकाने दुष्काळाचे विदारक चित्रण केले आहे.' 'विदारक' हा शब्द गाइडातला आहे. लिहिणाऱ्या मुलाच्या आजीने खडी फोडलेली असते, वडिलांनी चारा छावणीत गुरांपाशी रात्री काढलेल्या असतात, आणि तरी त्याच्या हाताशी शब्द येतो तो 'विदारक'. माडगूळकरांच्या गद्याविषयी समीक्षक 'अल्पाक्षरी', 'संयत' असे म्हणतात, ते खरेच आहे. पण त्या गद्याला 'कोरडवाहू' म्हणायला काय हरकत आहे? कमी पाण्यावर येणारे पीक जसे दाट पेरत नाहीत, तशी ती वाक्ये विरळ पेरलेली आहेत. वाक्यावाक्यांच्या मध्ये जी मोकळी जमीन दिसते तिच्यात मुळांची जागा आहे. एका वर्षी हे वर्गात बोललो तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, दाट पेरलं तर सगळंच वाळतं." त्या तासापुरती तरी समीक्षा नीट झाली, असे आम्हांला वाटले.

आईचा विरोध बोलण्यापुरता होता; कृतीत ती त्या झाडांना सांभाळतच होती, आणि तिथे दुसरी अडचण निर्माण झाली. पाणी वाया जाऊ देणे तिच्या हातून होत नाही. तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेली, भांडी विसळलेली प्रत्येक थेंबभर पाण्याची काळजी. आणि ते टाकायचे तर कुठल्या तरी झाडाच्याच बुडाशी. मोरीबाहेरच्या तरवडाला ते रोज मिळू लागले. त्याची पाने आधी पिवळी पडली, मग खोड बुडाशी काळे झाले. हे झाड पाण्याने मरते आहे, असे आम्ही तिला सांगू शकलो नाही. ज्या बाईने बहात्तर साली विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने घागर भरली आहे तिला 'पाणी घालू नका' हे कुठल्या तोंडाने सांगायचे? ते झाड गेले. त्या जागी मोगऱ्याची कुंडी ठेवली. विसळणाचे पाणी मोगऱ्याला मानवते.

तरवडाचे आणि पाण्याचे नाते याहूनही गुंतागुंतीचे आहे, हेही आम्हांला आईकडूनच कळले. पूर्वी विहिरीतून पाणी उपसायची मोट कातड्याची असे आणि ते कातडे कमावायला बाभळीच्या सालीबरोबर तरवडाचीही साल लागे. तिच्या माहेरी ढोरवाड्यातून नवी मोट आली की तिच्या कातड्याला सालीचा तो तुरट वास बरेच दिवस येत राही, असे ती सांगते. स्वतःला पाणी न मागणाऱ्या झाडाच्या सालीने मोटेचे कातडे पाण्यात न कुजता टिकत होते. दक्षिणेत हा व्यवसाय फार मोठा होता. तमिळमध्ये तरवडाला 'आवारम' म्हणतात आणि मद्रास इलाख्यातली कातडी त्या सालीवर कमावली जाऊन परदेशी जात. विसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेतली 'वॅटल'ची साल आली, क्रोमची पद्धत आली आणि तरवडाच्या सालीचे महत्त्व ओसरले. कातडे कमावण्याच्या या कामाला आपल्याकडे जातीची जी किंमत मोजावी लागली तिचा उल्लेख केल्यावाचून सालीचे गुणगान करणे अप्रामाणिक होईल. बसवण्णांच्या काळातले वचनकार डोहर कक्कय्य याच व्यवसायातले. सोलापूरच्या मातीवर मराठी-कन्नडची सीमा कधीच धड आखली गेली नाही, त्यामुळे त्यांना आमच्या अभ्यासक्रमाबाहेर ठेवण्याचे कारण आम्हांला अद्याप समजलेले नाही.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात तरवडी नावाचे गाव आहे. गावाचे नाव कानावर पडले की आम्हांला हे झुडूपच दिसते. साहित्याच्या विद्यार्थ्यांना ते गाव माहीत असायला हवे ते वेगळ्या कारणाने: १९१० साली सुरू झालेले सत्यशोधकी पत्र 'दीनमित्र' मुकुंदराव पाटलांनी अनेक वर्षे याच खेड्यातून चालवले. मराठी पत्रकारितेचा इतिहास पुण्या-मुंबईच्या छापखान्यांभोवती फिरवणाऱ्यांनी एकदा तरी एस.टी.ने त्या गावी जाऊन यावे.

आता 'देशी' या शब्दाविषयी. भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादानंतर हा शब्द मराठीत सहज उच्चारता येत नाही. 'देशी झाडे लावा' एवढे म्हटले तरी कोणी तरी बाही सरसावून पुढे येतो. तरवड देशी आहे यात शंका नाही, पण कोणत्या देशीचा? तो कोरड्या दख्खनेतला, तितकाच तमिळनाडूतला आणि श्रीलंकेतलाही. तिथे त्याला 'रणवरा' म्हणतात आणि फुलांचा चहासारखा काढा पितात. गुजरातीत तो 'आवळ' आहे, तेलुगूत 'तंगेडू'. तेलंगणाने त्याला राज्याचे फूल म्हणून निवडले आहे आणि बतुकम्माच्या सणात फुलांचा जो मनोरा रचतात त्यात तो लागतोच. आम्ही ज्याला 'आमचे माळावरचे' म्हणतो ते असे चार भाषांचे आहे. उलट, ज्या गोष्टी आम्हांला अगदी इथल्या मातीतल्या वाटतात त्यांतल्या कित्येक बाहेरून आलेल्या आहेत. बांधावरचे सीताफळ अमेरिकेतून आलेले, गावकुसाबाहेरचा फड्या निवडुंगही तिकडचाच. आमच्या फाटकावरची बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली आहे आणि तीही पाण्यावाचून उत्तम फुलते, त्यामुळे केवळ पाणी वाचवायचे म्हणून तरवडच हवा असे नाही. फरक आहे तो येणाऱ्या-जाणाऱ्यांत. बोगनवेलीवर भुंगा चढ्या सुरात गाताना आम्ही ऐकलेला नाही आणि तिच्या पानांवर त्या अळ्याही दिसत नाहीत. झाड 'इथले' आहे की नाही हे त्याच्या जन्मगावावरून ठरवण्यापेक्षा त्याच्यावर किती जणांचे पोट चालते यावरून ठरवावे, असे आमचे मत होत चालले आहे. साहित्यकृतीच्या बाबतीत हा निकष कसा लावायचा ते मात्र देशीवादाच्या अभ्यासकांनी पाहावे.

गेल्या काही वर्षांत टेंभूसारख्या उपसा सिंचन योजनांचे पाणी आमच्या भागातल्या काही गावांत पोचले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाण्याची वाट पाहिली त्यांच्या शेतात ते आले, याचा आनंद मानलाच पाहिजे. आईने पाटातले पाणी पाहायला मुद्दाम रिक्षाने जायला लावले आणि ती बराच वेळ काही न बोलता काठावर बसून राहिली. पण पाणी आले की माळ राहत नाही. जेसीबी येतो, टेकाड सपाट होते, बांध कोरले जातात, ऊस येतो. सातबाऱ्यावर ज्याची नोंद 'पोटखराबा' अशी होती ती जमीन लागवडीखाली येते, आणि हा शब्द ज्याने योजला त्याच्या दृष्टीने तिथे आधी काही नव्हतेच. आमच्या कुंपणापलीकडच्या मोकळ्या जागेवर २०२१मध्ये दुकानांचे गाळे उभे राहिले. ज्यांच्या शेंगांतून आम्ही बी घेतले होते ती झुडपे त्यात गेली. आता त्या आईझाडांची संतती आमच्या कुंपणाच्या आत आहे आणि गाळ्यांमागच्या वाळूच्या ढिगातही दोन रोपे आपोआप उगवलेली आहेत.

नवरात्रात आमच्याकडे घट बसतो. घटावर रोज एक माळ चढवायची असते आणि ती त्या वेळी शेतात, माळावर जे फुललेले असेल त्याची: कारळा, झेंडू, तरवड. शहरातून बाजारच्या झेंडूवर भागते. आईला तरवडाच्या माळेवाचून घट पुरा वाटत नाही. दाराशी नको असलेले झाड देव्हाऱ्यात तिला चालते, यात तिला काही विसंगत वाटत नाही आणि आम्हीही ते दाखवून द्यायला गेलो नाही. पूर्वी या माळेसाठी कोणा पोराला माळावर पिटाळावे लागे. आता ती पहाटे स्वतःच कात्री घेऊन कुंपणाशी जाते. खालच्या फांद्यांची फुले तोडते, वरची भुंग्यांना ठेवते. तसे आम्ही सांगितलेले नाही. तोडताना पुटपुटते ते झाडाला उद्देशून असते की देवीला, हे अंतरावरून कळत नाही.

या जानेवारीत महाविद्यालयातल्या काही विद्यार्थ्यांनी बी मागितले. दोन पोती शेंगा निघाल्या. दुपारी ओट्यावर वर्तमानपत्र पसरून आई त्या सोलत बसते. तरवडाच्या बियांना बारीक भुंगेरे लागतात. बाहेरून बी धड दिसते आणि उलटून पाहिले तर टाचणीच्या टोकाएवढे भोक. आम्हांला चष्मा लावूनही पटकन दिसत नाही. आई चिमटीत धरूनच ओळखते, हलके लागले की बाजूला टाकते. कालपर्यंत पावणेतीन किलो बी निघाले. त्यातले अर्धा किलो तिने वेगळ्या फडक्यात बांधून ठेवले आहे आणि ते कोणासाठी, हे अजून सांगितलेले नाही.